पाटाच्या पाण्यावरून गावाशी वाद, पुढं डोळ्यांत मोतीबिंदू. तरी मोने फुलांवरचा उजेड रंगवत राहिला

साल १८९३. फ्रान्समध्ये जिव्हर्नी नावाचं एक खेडं आहे. पॅरिसपासून साधारण ७५ किलोमीटरवर. एप्त नावाची छोटी नदी मोठ्या सेन नदीला मिळते, तिथं हे गाव. वस्ती तेव्हा तीनेकशे. बहुतेक सगळे शेतकरी. गहू, सफरचंदाची झाडं आणि दावणीला गुरं.

या गावात दहा वर्षांपूर्वी बाहेरून एक दाढीवाला माणूस येऊन राहिला होता. आधी भाड्यानं राहिला, मग घर विकत घेतलं. आता त्यानं रेल्वे रुळाच्या पलीकडं जमिनीचा एक तुकडा घेतला आणि एप्तच्या फाट्याचं पाणी वळवून तिथं तळं करण्यासाठी सरकारदरबारी अर्ज टाकला. तळ्यात मासे पाळायचे नव्हते, पिकालाही पाणी द्यायचं नव्हतं. त्याला तळ्यात फुलं लावायची होती. आपल्याकडं कुमुदिनी म्हणतात, त्याच कुळातली वॉटर लिली.

गाव बिथरलं. पाणी वळवलं तर खालच्यांनी काय करायचं? ही परदेशी झाडं पाणी नासवतील, तेच पाणी गुरं पितील, त्याच पाण्यावर बायका धुणं धुतील, मग काय? हरकती गेल्या. अर्जदार असा वैतागला की आणलेली रोपं नदीत फेकून द्यायची भाषा त्यानं घरच्यांना लिहिलेल्या पत्रात केली. मग थंड डोक्यानं पुन्हा अर्ज लिहिला. तळं फक्त डोळ्यांच्या सुखासाठी आणि चित्रं काढण्यासाठी आहे, असं अधिकाऱ्यांना समजावलं. काही महिन्यांनी परवानगी मिळाली.

या माणसाचं नाव क्लोद मोने. उघड्यावर बसून, सूर्याच्या उजेडात, समोरचं फूल जसं दिसतं तसं रंगवायचं, या एका ध्यासात त्यानं जवळपास सत्तर वर्षं काढली. ज्या गावानं त्याच्या तळ्याला हरकत घेतली, त्या गावाचं नाव आज जगभर घेतलं जातं ते त्याच तळ्यामुळं.

दुकानदाराचा पोरगा

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसला झाला. तो लहान असतानाच घरचे समुद्रकाठच्या ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. वडिलांचा धंदा किराणा आणि जहाजांना लागणाऱ्या मालाचा. पोराचं शाळेत लक्ष नव्हतं. वहीच्या कडेला मास्तरांची नाकं लांब करून चित्रं काढायची, हा त्याचा उद्योग. पुढं गावातल्या बड्या लोकांची व्यंगचित्रं काढून तो पैसे घेऊन विकायला लागला. एका फ्रेमवाल्याच्या दुकानात ती चित्रं टांगलेली असायची आणि बघायला लोक जमायचे.

त्याच दुकानात यूजेन बुदाँ नावाच्या चित्रकाराची चित्रं असायची. समुद्र, आभाळ, ढग. बुदाँनं या पोराला सोबत यायला सांगितलं. पोरानं बरेच दिवस टाळलं. शेवटी एकदा गेला. बुदाँनं उघड्या माळावर तिकाटणं मांडलं, समोर बघितलं आणि तिथंच रंगवायला सुरुवात केली. मोने बघत राहिला. डोळ्यांवरचा पडदा दूर झाला, असं तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा.

यात एवढं नवल काय, असं आज वाटेल. पण तेव्हाचे चित्रकार बाहेर फार तर कच्चं रेखाटन करायचे. खरं चित्र चार भिंतींच्या आत व्हायचं. कारण साधं होतं. रंग घोटावा लागायचा, तेलात कालवावा लागायचा आणि उरलेला डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावा लागायचा. पिशवी फुटली की सगळा घोळ. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं कथलाची दाबायची ट्यूब काढली. आज टूथपेस्ट येते तशी. रंग खिशात मावायला लागला. रेल्वेही आली होती. सकाळी शहरातून निघायचं, बांधावर बसून चित्र काढायचं, संध्याकाळी परत. मोनेच्या पिढीला हे दोन्ही आयतं मिळालं.

खड्ड्यात उतरवलेलं चित्र

पॅरिसमध्ये शिकताना त्याला रेन्वार, सिस्ली आणि बाझील हे मित्र भेटले. १८६६ मध्ये मोनेनं एक धाडस केलं. बागेत फुलं वेचणाऱ्या बायकांचं चित्र, उंची अडीच मीटर, आणि तेही बाहेर उन्हातच रंगवायचं. वरच्या भागापर्यंत हात पोचेना. शिडीवर चढलं तर बघण्याची जागा बदलते, मग दिसणारं चित्रही बदलतं. म्हणून त्यानं बागेत चर खणला. वरचा भाग रंगवायचा असला की कप्पीच्या दोरीनं कॅनव्हास चरात खाली सोडायचा. ऊन गेलं की काम बंद. कुर्बे हा नावाजलेला चित्रकार एकदा बघायला आला, तर मोने हात बांधून सूर्याची वाट बघत बसलेला. तोवर मागची झाडं तरी रंगव, असं कुर्बेनं सुचवलं. मोनेला ते पटलं नाही. झाडंसुद्धा त्याच उन्हातली हवी होती.

सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. पैशाची चणचण होती. मित्र बाझीलनं ते २,५०० फ्रँकला घेतलं, महिन्याला ५० फ्रँकच्या हप्त्यानं. तेच चित्र १९२१ मध्ये फ्रान्स सरकारनं दोन लाख फ्रँक देऊन विकत घेतलं. ते बघायला बाझील नव्हता. तो १८७० च्या युद्धात मारला गेला होता.

एकच झाड, दोन उजेड

युद्धाच्या काळात मोने बायको कामीय आणि लहान मुलगा जाँ यांच्यासोबत लंडनला गेला. परत आल्यावर सेनच्या काठी आर्जांतॉयला भाड्यानं घर घेतलं. तिथल्या बागेत लायलॅकचं झाड होतं. वसंतात त्याला जांभळट फुलांचे घोस यायचे. मोनेनं त्या झाडाखाली बसलेल्या माणसांची दोन चित्रं काढली. एक ढगाळ दिवशी, एक उन्हात. झाड तेच, जागा तीच. पण एका चित्रात फुलं मऊ, राखाडी, दबलेली दिसतात. दुसऱ्यात पानांमधून गळालेले उन्हाचे ठिपके कपड्यांवर आणि गवतावर नाचतात.

पुढच्या सगळ्या कामाचं बीज या दोन चित्रांत आहे. फुलाला स्वतःचा एक ठरलेला रंग असतो, असं आपण समजतो. मोनेनं उघड्यावर बसून बघितलं तेव्हा त्याला दिसलं की सकाळचं फूल वेगळं, दुपारचं वेगळं, ढगाखालचं आणखी वेगळं. सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो. पांढऱ्या फुलावर आभाळाची निळाई उतरते. म्हणून सावलीसाठी तो काळा रंग टाळायला लागला, आणि रंग पाटीवर फार कालवण्याऐवजी शेजारी शेजारी ठिपक्यांनी ठेवायला लागला. जवळून बघितलं तर नुसते फटकारे. चार पावलं मागं गेलं की शेत.

१८७३ चं त्याचं खसखशीच्या रानफुलांचं चित्र असंच आहे. युरोपात ही लाल फुलं गव्हाच्या रानात आपोआप उगवतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तणच. चित्रात उतारावरून एक बाई आणि मूल चालत खाली येतायत. ती कामीय आणि जाँ, असं मानलं जातं. जवळची फुलं म्हणजे लाल रंगाचे मोठे थेंब, दूरची बारीक होत गेलेली. पाकळी एकही काढलेली नाही, तरी वारा लागतो.

१८७४ च्या एप्रिलमध्ये मोने आणि मित्रांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या एका चित्राच्या नावात ‘इंप्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, असा शब्द होता. एका टीकाकारानं तोच धरून सगळ्यांची टिंगल केली. टिंगलीचं नावच पुढं चिकटलं. इंप्रेशनिझम म्हणून ते आज जगभर शिकवलं जातं.

कामीयचा शेवटचा वसंत

नाव झालं, पण पैसा आला नाही. एर्नेस्त ओशेदे नावाचा चित्रं घेणारा व्यापारी होता, तोही १८७७ मध्ये दिवाळखोर झाला. पुढच्या वर्षी दोन्ही कुटुंबं वेतॉय या खेड्यात एकाच घरात राहायला लागली. मोनेची दोन मुलं, ओशेदेंची सहा. खायची तोंडं एवढी आणि त्यात कामीय आजारी.

१८७९ चा वसंत आला. मोनेनं बाहेर जाऊन फुललेली सफरचंदाची आणि प्लमची झाडं रंगवली. फळझाडांचा बहार किती दिवस टिकतो, हे बागायतदाराला सांगायला नको. एक जोराचा पाऊस किंवा वारा आला की जमिनीवर सडा. त्या सप्टेंबरच्या ५ तारखेला कामीय गेली. वय ३२.

मोनेनं तिचा मृत चेहरा रंगवला. पुढं त्यानं आपल्या एका मित्राजवळ कबूल केलं की तिच्याजवळ बसलेला असताना आपली नजर नकळत तिच्या कपाळावर बदलत चाललेल्या रंगांकडं गेली. निळा, पिवळा, राखाडी. दुःखातही डोळे आपलं काम करत होते, याची त्याला भीती वाटली. घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखं आपण रंगाला बांधले गेलोय, असं त्याला वाटलं.

उजेड विकत घेणारा माणूस

१८८३ च्या एप्रिल अखेरीस हा सगळा गोतावळा जिव्हर्नीत आला. ओशेदेंची बायको आलीस आता मोनेचं घर चालवत होती. ओशेदे वारल्यावर १८९२ मध्ये दोघांनी लग्न केलं. द्युरां-रुएल या व्यापाऱ्यानं मोनेची चित्रं अमेरिकेत नेली आणि तिथं ती खपायला लागली. हातात पैसा खुळखुळायला लागला.

१८८६ च्या वसंतात मोने हॉलंडला ट्युलिपची शेतं बघायला गेला. लाल, पिवळे, पांढरे पट्टे क्षितिजापर्यंत. तिथला शेतकरी ट्युलिप लावतो तो कांद्यासाठी. फूल ऐन भरात आलं की छाटून टाकतात, म्हणजे जोर कांद्यात जातो. छाटलेल्या फुलांनी कालव्याचं पाणी रंगलेलं मोनेनं बघितलं. एवढा भडक रंग आपल्या डबीतल्या रंगांना झेपणार नाही, अशी तक्रार करत करत त्यानं पाच चित्रं काढली.

उजेड थांबत नाही, हीच त्याची रोजची अडचण. त्यावर त्यानं उपाय काढला. एका जागी एकच चित्र न काढता पाच-सात कॅनव्हास सोबत न्यायचे. सावत्र मुलगी ब्लांश हातगाडीवर ते ओढून न्यायची. ऊन बदललं की पहिला कॅनव्हास खाली, दुसरा वर. उद्या पुन्हा तीच वेळ आली की पुन्हा पहिला. शेजारच्या रानातल्या गव्हाच्या गंजी त्यानं अशाच रंगवल्या. १८९१ मध्ये त्यातली पंधरा चित्रं एकत्र मांडली आणि ती बघता बघता विकली गेली.

निसर्ग ऐकत नसला की तो पैसे मोजायचा. नदीकाठच्या पॉपलरच्या झाडांची रांग तोडायला निघाली, तेव्हा चित्रं पुरी होईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही म्हणून त्यानं लाकूडवाल्या व्यापाऱ्याला रक्कम दिली. त्याआधी १८८९ मध्ये तर कहर झाला. डोंगराळ भागातला एक जुना ओक तो हिवाळ्यापासून रंगवत होता. पावसानं काम लांबलं, वसंत आला आणि झाडाला पालवी फुटली. चित्र तर निष्पर्ण झाडाचं. मोनेनं मालकाची परवानगी काढली, माणसं लावली, शिड्या आणल्या आणि झाडाची कोवळी पानं खुडून काढली. वसंताची फुलं रंगवण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं एकदा वसंतालाच माघारी पाठवलं.

चित्रासाठी बाग

शेवटी त्यानं ठरवलं की उजेडामागं गावोगाव फिरण्यापेक्षा फुलंच दारात आणावीत. आधी घरासमोरचा उतार. मार्च-एप्रिलमध्ये नार्सिसस आणि ट्युलिप, मग सफरचंद-चेरीचा बहार, मे महिन्यात आयरिसचे जांभळे वाफे, मग गुलाब. एक फूल सरायच्या आत दुसरं उमलेल अशी लावण. १९०० मध्ये त्यानं रंगवलेलं आयरिसचं चित्र बघितलं तर जमीन दिसतच नाही. जांभळ्या रांगा आणि झाडांमधून पाझरलेला उजेड, बस.

तळ्यावर त्यानं जपानी पद्धतीचा लाकडी पूल टाकला. पुढं त्यावर विस्टेरियाचा वेल चढवला, वसंतात त्याचे झुबके खाली लोंबतात. कामाला पाच-सहा माळी. एक माळी रोज होडीतून फिरून लिलीची पानं साफ करायचा, म्हणजे पाण्यात आभाळ स्वच्छ दिसेल. कच्च्या रस्त्यावरून मोटारी जायला लागल्या आणि धूळ पानांवर बसायला लागली, तेव्हा रस्त्यावर डांबर टाकण्यासाठी मोनेनं स्वतःचे पैसे घातले. गावाचाही त्यात फायदा झाला.

डोळ्यांसमोर पिवळा पडदा

१९११ मध्ये आलीस गेली. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. १९१४ मध्ये मोठा मुलगा जाँ वारला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. धाकटा मुलगा आघाडीवर. गावातले बरेच लोक निघून गेले, मोने हलला नाही. तळ्याच्या कडेला राहून दोन मीटर उंचीचे कॅनव्हास रंगवायला त्यानं सुरुवात केली. त्यासाठी मोठी खोली बांधली. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्यानं पंतप्रधान क्लेमांसो या जुन्या मित्राला कळवलं की विजयाची आठवण म्हणून आपली दोन चित्रं देशाला द्यायची आहेत. दोनाची पुढं मोठी मालिका झाली.

पण डोळे साथ सोडत होते. मोतीबिंदूमध्ये डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं. निळा रंग त्यातून गाळला जातो, सगळं तांबूस दिसतं. त्या काळात मोनेनं काढलेली पुलाची चित्रं बघा. पूल ओळखू येत नाही, लाल-तपकिरी रंगांचा नुसता वणवा. ट्यूबवरची नावं वाचून आणि पाटीवर रंग ठरलेल्या जागी ठेवून, सवयीनं तो काम करायचा. दुपारचं ऊन सोसत नाही म्हणून रुंद काठाची गवती टोपी घालायचा.

ऑपरेशन त्यानं दहा वर्षं टाळलं. भीती खरी होती. ओळखीतल्या मेरी कसाट या चित्रकर्तीचे डोळे ऑपरेशननंतरही सुधारले नव्हते. आहे तेवढी नजरही गेली तर? १९२२ पर्यंत उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता, डाव्यात जेमतेम दहा टक्के नजर उरली होती. अखेर क्लेमांसोच्या आग्रहानं तो तयार झाला. क्लेमांसो स्वतः डॉक्टर शिकलेला माणूस. १९२३ मध्ये डॉ. कुतेला यांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, तीही टप्प्याटप्प्यानं. आज मोतीबिंदूचं ऑपरेशन काही मिनिटांत होतं आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातो. तेव्हा डोळे बांधून, डोकं न हलवता, दिवसच्या दिवस उताणं पडावं लागायचं. ८२ वर्षांच्या या तापट म्हाताऱ्याला ते सोसेना. तो पट्ट्या ओढायचा, डॉक्टरला बोल लावायचा.

पट्टी निघाली तर सगळं निळंच निळं. पिवळं भिंग गेलं होतं ना. वेगवेगळे चष्मे, रंगीत काचा, सगळं झालं. रागाच्या भरात त्यानं आधीची काही चित्रं फाडली, जाळली. डाव्या डोळ्याला त्यानं शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. पण १९२५ च्या सुमाराला योग्य काचा मिळाल्या, रंग जागेवर आले आणि म्हातारा पुन्हा दिवस दिवस कामाला लागला. मोठी चित्रं मात्र सरकारला देता देईना. अजून हात फिरवायचाय, हेच पालुपद.

काळं कापड नको

५ डिसेंबर १९२६ रोजी मोने गेला. वय ८६. अंत्ययात्रा गावातल्या गावात, थाटमाट नाही. शवपेटीवर काळं कापड घातलेलं बघून क्लेमांसो पुढं झाला. त्यानं ते काढून टाकलं आणि त्याजागी फुलाफुलांचं कापड घातलं. ज्यानं सावलीसुद्धा काळी रंगवली नाही, त्याच्यावर काळं कशाला?

पुढच्या मे महिन्यात पॅरिसमधल्या ओरांजेरी या वास्तूत त्याची तळ्याची चित्रं खुली झाली. दोन लंबगोल दालनं, भिंतींवर आठ मोठी चित्रं, एकापुढं एक धरली तर जवळपास नव्वद मीटर. मोनेची अट होती की त्यांवर वरून आभाळाचाच उजेड पडावा. म्हणून तिथं आजही ढग आला की चित्रातलं पाणी गडद होतं, आणि ऊन पडलं की उजळतं.

जिव्हर्नीतली बाग पुढं बरीच वर्षं ओसाड पडली होती. ती पुन्हा उभी केली आणि १९८० मध्ये लोकांसाठी उघडली. दरवर्षी एप्रिलमध्ये दार उघडतं. ट्युलिप येतात, मे महिन्यात आयरिस आणि पुलावरचा विस्टेरिया. लाखो माणसं येतात. एप्तच्या फाट्याचं पाणी त्याच तळ्यातून वाहतं. गुरं दगावली नाहीत. ज्या पाण्यावरून हरकती गेल्या होत्या, त्याच पाण्याच्या कडेला उभं राहून आता जगभरची माणसं मोबाईलवर फोटो काढतात. ऊन ढगाआड गेलं की तीही थांबतात आणि ते परत यायची वाट बघतात.